इमामबीची चौथी अट

आश्विन शुद्ध ७, शके १८३५

झाला एकदाचा. मुलगा! केशर तीन दिवस ओरडत होती. मी चुलीशी पाणी तापवत होते आणि मनात एकच घोकत होते — दोघांतलं एकच राहायचं असेल तर पोर राहू दे. घ्या, लिहिलं. इथं लिहायला मला भीती नाही. मालकांना केजच्या दफ्तरातली उर्दू तेवढी येते, बाळबोध अक्षर ओळखू येत नाही. केशर तर अडाणीच. आप्पांनी लहानपणी मला भावाबरोबर पंतोजीपुढं बसवलं, त्याचा या घरात एवढाच उपयोग झाला.

वार अडकली होती. नांदूरघाटची सुईण इमामबी कोपरापर्यंत रक्तानं माखली होती. बाहेर येऊन हात धुता धुता म्हणाली, "अक्का, वाचली ही अल्लाची मेहेरबानी. पर दोन वर्सं हिला दिवस जाऊ देऊ नका. आंगात रगतच न्हाई राह्यलं. फिरून राहिली तर ही जाती. मी आत्ताच सांगून ठिवते."

मी बरं म्हटलं. पोराची पहिली आंघोळ मीच घातली. सतरा वर्षं झाली मला या घरात येऊन. मूल नाही म्हणून मालकांनी तीन वर्षांपूर्वी गेवराईची ही केशर आणली. आता एकवीस वर्षांची आहे. तिच्या लग्नात अक्षता मीच वाटल्या — हसत हसत! आणि मला सतरा वर्षांत जमलं नाही ते ती तीन वर्षांत करून मोकळी झाली. 

आश्विन शुद्ध ९

पोर दूध चांगलं ओढतं. तिच्या अंगावर. मला बघवत नाही.

आश्विन वद्य ३

बारसं झालं. नाव उत्तरेश्वर ठेवलं, केजच्या देवाचं. नवस माझा होता. फळला तिला.

आमच्यात धाकटीचं पहिलं पोर थोरलीच्या ओटीत घालतात. तिच्या लग्नाच्या बोलणीतच मालकांनी ते कबूल करून घेतलं होतं. सगळ्या बायकांसमोर केशरनं उठून पोर माझ्या पदरात ठेवलं, खण-नारळासकट. "आजपासून तुमचं, अक्का." बायकांनी डोळे पुसले. कसल्या पुसतात! गाणं संपायच्या आत पोर रडायला लागलं. "भुकेजलंय," म्हणून तिनं परत घेतलं. एका गाण्यापुरती मी आई. तेही पुरं झालं नाही.

माझं पोर आणि तिचं दूध! असल्या देण्याला काय अर्थ आहे?

कार्तिक शुद्ध २, भाऊबीज

केशरचा भाऊ शहादेव गेवराईहून गाडी घेऊन आला. ओवाळून झाल्यावर हळूच विषय काढला — सुईण असं असं म्हणाली, पाच-सहा महिने तिला माहेरी ठेवतो, अंग भरून निघालं की आणून सोडतो. गरीब बोलतो बिचारा. मान वर करत नाही.

मालकांनी पान लावत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बायको काय तुज्या घरी ठिवाया केली का बे मी? हितं काय कमी हाय तिला?"

"तसं न्हाई, दाजी. तिच्या जिवाचं—"

"जिवाचं मी बगतो. तू गाडी जुप."

शहादेवनं तांब्याभर पाणी पिऊन रिकामी गाडी जुंपली. केशर दाराआड उभी होती. दिवाळीचं लुगडं नेसून बसली होती पोर, बोचकंसुद्धा बांधून ठेवलं होतं. मला हसू आलं. मग वाईट वाटलं. मग परत हसू आलं.

कार्तिक शुद्ध ६

तिनं आज माझे पाय धरले. खरोखर धरले.

"अक्का, सव्वा म्हैना सरला की मालक बोलावतील. त्यास्नी न्हाई म्हणायची माझी छाती न्हाई. इमामबी दारात काय म्हणली ते मला आत आयकू येत व्हतं. मला मरायचं न्हाई हो! मला बाळंतिणीला भायेर जाता येत न्हाई. तुमी जाऊन इचारा ना तिला, कायतरी इलाज असंल."

एक वैदू गेल्या महिन्यात दिवस राहू नयेत म्हणून पुड्या विकत आला होता. ती एक पुडी तिनं उशाखाली ठेवली आहे. म्हणाली, घेऊ का? मी म्हटलं, थांब, विचारून येते. म्हणजे पाहा, मी काही वाईट नाही.

कार्तिक शुद्ध १०

बाजाराच्या निमित्तानं नांदूरघाटला गेले. इमामबी अंगणात बाजरी पाखडत होती. पुडी दाखवली. तिनं नुसता वास घेतला आणि उकिरड्यावर फेकून दिली.

"ह्यात पारा असतोय, अक्का! बाईचं दूध आटतंय, दात पडत्यात, पोराच्या पोटात जातोय. हे कुनाला देऊ नका."

"आणि ताईत?"

"ताईत माझाच पुतण्या इकतो. त्याच्याच बायकुला सात पोरं हायती." स्वतःच खदाखदा हसली.

मग सूप खाली ठेवलं आणि बोटांवर मोजून सांगितलं. बाळंतिणीसाठी सगळ्यात बिनधोक म्हणजे तिचं स्वतःचंच दूध, म्हणाली. पण चार अटी. एक — पोराला दुसरं काही नाही, पाणी नाही, साखर नाही, सगळं पोट अंगावरच. दोन — मागेल तेव्हा पाजायचं, वेळ बघायची नाही. तीन — पाळी आली की भरवसा संपला. आणि चौथी. चौथ्या बोटाला तिनं चिमटा काढून धरलं. "रातचं पाजणं तोडायचं न्हाई. ध्येनात ठिवा. दिवसा कितीबी पाजा, रातभर छाती मोकळी राहिली की समदं फुकट. बाया हितंच फसत्यात. चारी पाळल्या तर सा म्हैने फिकर न्हाई. मग मला सांगा, दुसरं देते."

गाडीत परतताना मी चारी अटी घोकत आले. पाठांतर माझं पंतोजींपासून चांगलं.

घरी आले. केशर पाजत होती. पोराची एक मूठ तिच्या चोळीत अडकलेली, डोळे मिटलेले. "काय म्हणली हो?" मी सांगितलं. एक. दोन. तीन.

"बस? तीनच?"

"तीनच."

तिनं देवाला हात जोडले. मला दोन वेळा नमस्कार केला. ठरवून नाही केलं मी. जीभच उचलली नाही. — खोटं! गाडीतच ठरलं होतं. नांदूरघाटची वेस ओलांडायच्या आत.

कार्तिक वद्य ३

सव्वा महिना संपला. केशरला मालकांच्या खोलीत जायचा निरोप आला. पोर रात्री कुठं ठेवायचं? मालकांना रडणं चालत नाही.

मीच पुढं झाले. म्हटलं, पोर माझ्या ओटीतलं आहे, रात्री माझ्यापाशी झोपेल. "तू सुखानं झोप, अंग भरू दे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी माया तिला आईनंही केली नसेल, म्हणाली.

आता पोर माझ्या कुशीत. या हातानं लिहितेय, त्या हातावर त्याचं डोकं. मध्ये उठलं. शेळीचं दूध पाणी घालून तयार ठेवलं होतं, बोंडल्यानं पाजलं. तिला सांगायचं नाही. सांगेन, गाढ झोपतं म्हणून. मग थोपटलं. गाणंही म्हटलं, लहानपणी आई म्हणायची ते. आवाज माझा फाटका. भिंतीपलीकडं कुणी ऐकलं नसेल.

मार्गशीर्ष शुद्ध ५

हिशेब अगदी सरळ आहे, स्वतःशी कशाला लपवू? तिला पुन्हा दिवस गेले की पोर तिच्या अंगावरून तुटेल. पोटुशीचं दूध पोराला बाधतं, ते तोडावंच लागतं, हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. मग दिवसाही माझं. ती दुसरं काढेल तिला. मला माझं मिळेल. मरते कशाला? इमामबी भिववते उगाच. सुइणींना भिववायची सवयच असते.

मार्गशीर्ष वद्य ८

उत्तरेश्वर मला बघून हसला. दात नसलेलं तोंड! तिला बघूनही हसतो, पण मला बघून जास्त.

पौष वद्य २, संक्रांत

केशर वाणाच्या निमित्तानं घराबाहेर पडली. म्हातारी छबुबाई, आमच्याकडं पाणी भरणारी, ती सोबत होती. दोघी नांदूरघाटला जाऊन इमामबीला तिळगूळ देऊन आल्या.  दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत होते. भांडेल. ओरडेल. मालकांना सांगेल.

काही नाही. भाकरी थापता थापता विचारलं, "रात्री उठतो का हो, अक्का?"

"छे. गाढ झोपतो."

"झोपतो व्हय." एवढंच. आणि दिवेलागणीला नेहमीसारखं पोर माझ्या हातात दिलं. कुंची नीट केली, त्याच्या गालाचा मुका घेतला, गेली.

म्हणजे इमामबीनं काही सांगितलं नाही. म्हातारी विसरली असेल. देव माझ्या बाजूनं आहे.

माघ शुद्ध ११

केशरच्या पेटीत मला एक चिंधी सापडली. आत कापसाचा बोळा, दोरा बांधलेला, एरंडेलात बुडवलेला. काय आहे ते मला लगेच कळलं — इमामबी म्हणाली होती ना, दुसरं देते म्हणून. हेच ते. गर्भ राहू नये म्हणून बाया आत ठेवतात.

पण हिला कशाला हवा? माझ्या तीन अटींवर हिचा देवासारखा विश्वास. पाळी नाही, पोर दिवसभर अंगावर, सहा महिने व्हायचेत. मग याची गरज काय? भित्री आहे नुसती. दोन कुलपं लावून झोपणारी.

मी तो बोळा चिंधीसकट मालकांच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवला. तोंडातून अक्षर काढलं नाही. ठेवला फक्त.

माघ शुद्ध १२

मारलं तिला. वहाणेनं. पोर माझ्याकडं होतं, मी त्याचे कान झाकले.

"देशमुखाच्या घरात असली घाण? माझा वंश बुडवायला निगालीस? कुनी शिकिवलं तुला? बोल!" तिनं नाव घेतलं नाही. पण दोऱ्याची गाठ बघून म्हणा, एरंडेलाच्या वासानं म्हणा, मालकांना अंदाज आलाच. इमामबीनं या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असा हुकूम निघाला. बोळा चुलीत गेला.

संध्याकाळी मीच तिच्या पाठीला हळद लावली. वळ केवढाले उठलेत! "मुकाट राहायचं, कशाला असले उद्योग?" मी म्हटलं. ती म्हणाली, "अक्का, तुमी हाईत म्हणून मी हाय." मला तिच्या तोंडावर हळद फेकावीशी वाटली. कसली ही! कशी चिडत नाही?

फाल्गुन शुद्ध १५

होळीची पोळी तिला गेली नाही. वास सहन होत नाही म्हणे. बघू.

चैत्र शुद्ध ५, शके १८३६

ओकतेय. सकाळी दोनदा, आत्ता एकदा. पाळी एकदाही आली नाही आणि थेट दिवस गेले! ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. जवळ जाऊन बसले. म्हणाली, "गेलं, अक्का. आता काय इलाज न्हाई." रडली नाही.

मला आनंद झाला. होय, झाला! कट्ट्यावर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आत उकळ्या फुटत होत्या. नंतर देवघरात जाऊन बसले, तेव्हा हात-पाय गार पडले. हेही खरं. दोन्ही लिहिते.

चैत्र शुद्ध १३

आज पोराचं दूध तोडलं. चार बायका जमल्या. कडुनिंबाचा पाला मी वाटला, त्यांनी केशरच्या छातीला फासला. उत्तरेश्वर झेपावला, तोंड लावलं, थू थू करून किंचाळला. परत लावलं. परत किंचाळला. तिसऱ्यांदा तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तिनं तोंड फिरवलं. मग त्यानं वळून माझ्याकडं हात पसरले.

माझ्याकडं! सगळ्यांदेखत!

केशरची चोळी दिवसभर दुधानं ओली होत राहिली. ती मागच्या परसात जाऊन पिळून पिळून टाकत होती. मातीत पांढरं डबकं झालं. मी बघितलं आणि आत आले.

आषाढ शुद्ध ९

पोर रांगतं. माझ्यामागं मागं, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. मी बाहेर गेले की रडतं. केशर उचलायला गेली तर अंग ताठ करतं.

तिचे पाय सुजलेत. नखं पांढरी पडलीत, ओठही. जिना चढताना मध्ये बसते. माझ्या मनात कधी कधी इमामबीचे शब्द येतात. मी मोठ्यानं पोराशी बोलायला लागते, मग येत नाहीत.

आश्विन शुद्ध ७

उत्तरेश्वर वर्षाचा झाला. मला "मा" म्हणतो.

केशर म्हणाली, "खरंच आई झाला की हो तुमी." हसून म्हणाली. मी तिला डिंकाचा लाडू दिला. चांगुलपणा असा चावतो, हे मला ठाऊक नव्हतं.

कार्तिक वद्य ४

पहाटे कळा सुरू झाल्या. गावातली एक नवखी बाई बोलावली, तिला धड वेण कळत नाही. मी मालकांना म्हटलं, नांदूरघाटहून इमामबीला आणावी का? गाडी दोन घटकांत पोचते.

"ती सटवी ह्या घरात न्हाई यायची. माझा हुकूम हाय."

एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. पाय धरायला हवे होते, तिनं माझे धरले होते तसे. मी पोराला दूधभात भरवायला निघून आले.

कार्तिक वद्य ५

केशर गेली. मुलगी होती, तीही गेली. खाटेखालची माती उकरून बाहेर टाकावी लागली, एवढं रक्त. शेवटी माझा हात तिच्या हातात होता. पकड सुटली तेव्हा कळलं. काही बोलली नाही. मला वाटत होतं बोलेल.

शहादेव उशिरा पोचला. या खेपेला गाडी रिकामी नेली नाही, तिची पेटी नेली. मालक ओट्यावर बसून होते. सारखे म्हणत होते, नशीब, नशीब.

मार्गशीर्ष शुद्ध २

तेरावं झालं. घर सारवून घेतलं. उत्तरेश्वर आता पुरा माझा. कुणी वाटेकरी नाही. जेवण जात नाही, पण जाईल काही दिवसांनी.

मार्गशीर्ष शुद्ध ४

मालक केजला गेलेत. इमामबी आली होती. उंबऱ्याच्या बाहेरच बसली, आत येईना. पाणी दिलं, प्याली नाही.

"अक्का, रातचं पाजणं कावून तोडलंत? म्या तुमाला चार सांगितल्या व्हत्या."

मी पोराला जवळ ओढलं.

"संक्रांतीला ती आलती तवा म्या इचारलं, रातचं पाजतीस ना ग? म्हणली, ते कुनी सांगितलंच न्हाई. म्या म्हणलं, आजच पोर माघारी घे, मालकाला रडणं चालत न्हाई त्याचं मी बगते. तर हसली. म्हणली, नगं इमामबी. अक्का रातीला पोराला घेऊन गानं म्हणत्यात. तीन वर्सं झाली मला त्या घरात, कदी त्यांचं गानं आयकलं न्हवतं. माझ्याच्यानं मागवत न्हाई. तू मला दुसरं कायतरी दे. म्हणून म्या बोळा दिला, अक्का. त्यो तिनं वापरला असता तर जगली असती. कुनी काडून दिला मालकाला?"

ती उत्तराची वाट न बघता गेली.

पोर झोपायला आलंय. गाणं म्हण म्हणून पदर ओढतंय. भिंतीपलीकडं ती जागी असायची.